मगनभाई

आडनाव घोरपडे, आणि जन्मभर पाठ धरली मगरीची.
हा विनोद पहिल्यांदा मीच केला, लेथवर, ब्याण्णव साली.
हेमलताबाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, सुर्वे, हा सांधा अर्धा मिलिमीटर ढिला आहे.

मी फिटर, कलाभवनातला.
हाताखालून पंप गेले, गिअर गेले,
पाय पहिल्यांदाच.

पहिलं यंत्र चाललं नाही, सरपटलं.
त्याच्या पोटाचा ओरखडा अजून आहे फरशीवर, कपाटाखाली.
दुसरं उताणं पडलं.
तिसऱ्याला पोरांनी नाव ठेवलं मगनभाई,
ते चिकटलं, आणि एकदा चुकून कागदावरही गेलं:
‘मगनभाईंच्या उजव्या मागच्या पायासाठी मोटार, एक नग.’
हिशेबनीस वर येऊन विचारून गेला,
हे गृहस्थ कुठल्या विभागात असतात?

दर रविवारी बाई विश्वामित्रीच्या पुलावर.
दुर्बीण, वही, थर्मासात चहा.
खाली गाळात मगर, ओंडक्यासारखी,
चार-चार तास हलत नसे.
न हलणंही लिहून ठेवायचं असतं, सुर्वे.
तशा वह्या भरल्या.

मग तो पुराचा भाद्रपद.
पाणी ओसरलं, आणि सयाजीगंजच्या मागच्या गल्लीत
एक मगर राहून गेली.
वनखात्याची माणसं दोर घेऊन, पोरं गच्च्यांवर,
बाई दूधवाल्याच्या ओट्यावर, पदर खोचून.
मगर उठली.
पोट उचललं, चारी पाय अंगाखाली घेतले
आणि निघाली,
मानपान चुकल्यावर एखादी विहीणबाई
मांडवातून न जेवता निघते, तशी.
बाई ओरडल्या, शेपूट! सुर्वे, शेपूट बघा!
चालतेय ती शेपटीनं,
पाय नुसते ‘मम’ म्हणताहेत!

त्या रात्री मी घरी गेलो नाही.
पितळेचे सतरा मणके, हातानं घासले.
पहाटे मगनभाई उभा राहिला,
पोट अधांतरी,
अडीच फूट चालला आणि बॅटरी संपली.
बाई फरशीवर बसून राहिल्या.
मी चहा आणायला निघालो.
रडणाऱ्या माणसापुढे कसं उभं राहायचं
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

पुढे परदेश, शाली, नारळ.
एका सत्कारात कुणीतरी विचारलं, याचा उपयोग काय?
बाई म्हणाल्या, सध्या ते पडत नाही, एवढाच.

निवृत्तीला सहा वर्षं झाली. दोन्ही गुडघे बदलले.
परवा दांडिया बाजारात पुढे चालताना दिसल्या.
हाक नाही मारली. फिटरची खोड,
आधी सांधे बघितले.
डावं पाऊल टेकतं, उजवा खांदा मागे राहतो,
आणि काठी, पुढे टाकायची काठी,
मागेच हेलकावत येते.

अर्धा मिलिमीटर ढिला आहे, मनात म्हटलं.
चालतंय.