ओळख पटलेली नाही

बाउबाउच्या बंदरामागे, सुक्या मासळीच्या गल्लीत
वा आरिफाचं दुकान. हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात.
काचा, स्क्रू, फुगलेल्या बॅटऱ्या,
आणि मान मोडलेला पंखा, जो फक्त तिच्याकडेच बघतो.

ला मुसा आलाय. सत्तरी ओलांडलेला, बोटांवर जाळ्याचे वळ.
मुलानं मकासरहून नवा फोन धाडलाय,
कडेचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही.
म्हणतो, "यात मास्तर घाल."

मास्तर म्हणजे ला होनी मास्तरांचं भरतीचं ॲप.
दिवसा शाळेत गणित शिकवायचे, रात्री हे जुळवायचे:
कुठल्या तिथीला किती पाणी, कुठल्या खडकाला कसली ओढ.
खडकांची नावं नकाशातली नाहीत, तोंडातली:
बुडालेली म्हैस. सासूचा दात.
आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी
स्वतःच्या आवाजात, मागे कोंबडं आरवत असताना,
"थांबा जरा. पाणी उतरतंय."
ते कधी कुठल्या दुकानात नव्हतं.
या फोनातून त्या फोनात गेलं
मिठासारखं, वाटीवाटीनं.

आरिफा फाइल टाकते. फोन अडतो.
बनवणाऱ्याची ओळख पटलेली नाही.

"कुणाची?"
"मास्तरांची."
"अख्खं बेट ओळखतं त्यांना."
"बेटाला कुणी विचारलंय, आजोबा?"

ओळखपत्राचा फोटो, पत्ता, शुल्क, सही.
सगळं मास्तरांनी स्वतः भरायचं.
मास्तर दोन पावसाळ्यांपूर्वी गेले.
त्यांच्या बायकोकडे, वा सिंताकडे, एक कागद आहे शिक्क्याचा.
ओळख त्यावर पक्की आहे,
फक्त पुढे मृत असं लिहिलंय.

कुलूप आरिफाला कळत नाही असं नाही.
तिच्या मावशीच्या फोनवर लग्नाची पत्रिका आली होती.
मावशीनं ती कौतुकानं उघडली, आणि बँकेतलं सगळं
नवरा-नवरीविनाच वरातीबरोबर निघून गेलं.
त्या रात्री आरिफाच म्हणाली होती, दार बंद हवं.
दार बंद हवंच.
पण घर मावशीचं, फोन मावशीचा, हप्ते मावशीचे,
आणि किल्ली खिशात घालून जो गेला
त्याचं गावसुद्धा आम्हाला माहीत नाही.

ती आत शिरते, सेटिंगच्या पोटातल्या सेटिंगमध्ये.
सात टिचक्या. तांबडी पाटी. मग प्रश्न:
हे करायला तुम्हाला कुणी भाग पाडत आहे का?
ती मोठ्यानं वाचते.
ला मुसा विचार करतो, खरोखरच करतो,
आणि म्हणतो, "समुद्र."

त्या उत्तराला चौकोन नाही.
ती 'नाही' दाबते.
फोन म्हणतो, ठीक. आता चोवीस तास थांबा.

"उद्या या वेळी मी खडकांपलीकडे असेन, पोरी."
तो नवा फोन तिच्या खणात ठेवतो, झोपलेलं मूल ठेवावं तसा.
जुना काढतो. काच उभी तडकलेली,
बॅटरी अर्ध्या रात्रीची.
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतो, रबर लावतो,
दोनदा.

रात्री खणात उजेड होतो. सतरा तास बाकी.
अर्ध्या ओढलेल्या शटरखाली आरिफा
पुन्हा तो फॉर्म उघडून बसलीय.
बनवणाऱ्याचं नाव, या रकान्यावर बोट.
स्वतःचं लिहिलं तर खोटं.
मास्तरांचं लिहिलं तर जिवंतपणाचा पुरावा आणा.
रिकामं ठेवलं तर पुढचं पान उघडत नाही.

तिकडे काळोखात, सासूच्या दाताजवळ,
एका पिशवीत कोंबडं आरवतं.
"थांबा जरा."
ला मुसा वल्हं पाण्याबाहेर धरून बसतो.