नोंदीबाहेर

सव्वीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला, एक पायरी खाली, मी बसले.
ते बोलले ते सगळं माझ्या बोटांतून गेलं.
'हरकत फेटाळली' किती वेळा, ते यंत्राला विचारा.
मला विचाराल तर
'मान्य' म्हणताना त्यांचा आवाज जरा पुढे सरकायचा,
खुर्ची ओढून घेतल्यासारखा.

न्यायाधीश एल्डन स्क्येर्वेन, डुलूथ.
बापानं गोदीत लोखंडाची माती उपसली,
लेक त्याच गोदीवर उघडणाऱ्या खिडकीशी
फेडरल कायद्याची पानं उलटत राहिला.
नेमणूक पक्की झाली तेव्हा आई म्हणाली होती,
"तहहयात? म्हणजे काढून टाकायची सोयच नाही?"
हे ते दर नव्या क्लार्कला सांगत. हसत कमी.

बर्फ लोटायच्या पात्याच्या पेटंटवरून अकरा दिवस खटला.
ज्युरीतले एक आजोबा घोरले; नोंद नाही.
वरच्या कोर्टानं एकदा निकाल उलटवला,
तेव्हा दार लावून बसले, आणि दुपारी
झग्याच्या खिशातली पेपरमिंटची गोळी पुढे करत म्हणाले,
"तिघं लागले, मार्लिस. चुकायला मी एकटा पुरलो."
नागरिकत्वाच्या शपथेला एका सोमाली बाईनं
हात मोकळा हवा म्हणून
तान्हं पोर सरळ त्यांच्याकडे दिलं.
ते बाहीवर दूध ओकलं.
आठवडाभर तो झगा धुवायला गेला नाही.

मग डॅरेल क्विस्ट. वय बावीस.
कायद्यात दहा वर्षं छापलेली, त्याखाली उतरायला पायरी नाही.
साहेब म्हणाले, "माझ्या हातात असतं तर—"
आणि कालव्यात जहाजानं भोंगा दिला,
तीन लांब, दोन आखूड.
पुलानं उलट दिला, तेवढाच.
सगळं निवेपर्यंत ते खिडकीकडे बघत राहिले.
"एकशेवीस महिने."

मी रेघ मारली आणि पुढची ओळ घेतली.
भोंग्याला आमच्या लिपीत अक्षर नाही.

पानामागे पैसे मोजून त्याच्या आईनं प्रत नेली.
फोन आला. "ह्या रेघेपुढे काय आहे?"
म्हटलं, बाई, बोललं तेवढंच लिहिते मी.
"पण तुम्ही तोंड बघितलंत ना त्यांचं?"
मी फोन ठेवला. लगेच नाही. पण ठेवला.

ते दहा संपले. आणखी काही गेले.
साहेबांनी निम्मं काम घ्यायचं वय आलं, मग पाव,
मग नुसत्याच सह्या.

जानेवारीतला शेवटचा दिवस. त्यांचा, कोर्टातला.
वकील पांगले. केक अर्धा उरला.
म्हणाले, "क्विस्टचं वाचून दाखवा."
साल सांगितलं नाही. मला शोधावंही लागलं नाही.
"माझ्या हातात असतं तर—"

बंदर गोठलेलं. नजर जाईल तिथवर एक जहाज नाही.
मी बोटं कळांवर ठेवली.
ते उभे, झगा हातावर, घडी न घातलेला.
बराच वेळ.

"काय लिहू?"
त्यांनी खिसा चाचपला. गोळी नव्हती.
"लिहा, तहकूब."