पाहुण्यांची वही

जूनच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही घर रिकामं करतो.
ऑरिनचे बूट, माझ्या गोळ्या, आरवोची शाळेतली चित्रं,
सगळं खोक्यात भरून शेडमध्ये, जुन्या करवतीशेजारी.
फ्रिजवर कागद: कचरा बाहेर ठेवू नये, अस्वल येतं.
आणि आम्ही तिघं मागच्या स्प्रूसच्या झाडीत,
सासऱ्यांच्या कॅराव्हॅनमध्ये.
तिचं एक चाक गेलंय. खाली ओंडका दिलाय.

गिरणी होती तेव्हा ऑरिन दारातच शर्ट झटकायचा,
तरी रात्री उशीवर भुसा सापडायचाच.
आता गिरणीच्या आवारात कयाक भाड्यानं मिळतात.
हिवाळ्यात तो खेकड्यांच्या बोटीवर जातो,
उन्हाळ्यात पर्यटकांना दाखवतो
बुंध्यावरची वर्तुळं कशी मोजायची.
"तुम्हीच तोडायचात ना ही झाडं?" एका मुलीनं विचारलं.
"हो," तो म्हणाला. "नीट तोडायचो."
त्या दिवशी टिप मिळाली नाही.

मी अकरा घरांच्या चादरी बदलते.
त्यातलं एक माझं.
तिथली बेल मी वाजवते, थांबते,
कुणी "या" म्हणालं की पाय पुसून आत जाते.
माझ्या मोरीच्या जाळीतून सोनेरी केस काढते.
माझ्या कपांची जागा बदललेली असते,
मी त्या परत लावत नाही, पैसे चादरींचे आहेत.
फक्त टेबलावरची वही उघडून बघते.

"समुद्र अप्रतिम. धुक्याचा भोंगा रात्री बंद ठेवता येईल का?"
"मध्ये झाडं येतात, त्यामुळे सूर्यास्त अर्धाच दिसला."
"बुधवारी सायरन वाजला, आम्ही मुलांना घेऊन टेकडीवर पळालो,
वर कुणीच नव्हतं."
(पहिला बुधवार. सुनामीच्या भोंग्याची चाचणी.
आम्ही त्यावर घड्याळं लावतो.)
आणि ऑगस्टमधलं एक, बारीक अक्षरात:
"मागच्या झाडीत कुणीतरी राहतं. रात्री दिवा दिसतो.
आम्ही पडदे ओढून घेतले."
ते वाचून मी ऑरिनला सांगितलं नाही.
दिव्यावर मात्र टॉवेल टाकायला लागले.

नोव्हेंबरात पाऊस आडवा येतो, बुकिंगं थांबतात.
आम्ही घरात शिरलो तर आरवो म्हणाला,
खोकं नको उघडायला. आपण पाहुणे होऊ या.
मग आम्ही तिघांनी दारात उभं राहून घर बघितलं.
ऑरिननं खिडकीशी जाऊन
"वा, काय समुद्र आहे," म्हटलं,
चाळीस वर्षं त्याच समुद्रात पाय घालून.
मी आयतं, छापील स्वागतपत्र मोठ्यानं वाचलं.
ते मीच लिहिलेलं. बरं लिहिलंय.
रात्री खेकड्याचं सूप. भांडी तशीच ठेवली सिंकमध्ये,
पाहुणे ठेवतात तशी.

सकाळी वहीत आरवोचं अक्षर:
"घर आवडलं. तिसरी पायरी वाजते, ती तशीच असू द्या.
स्वयंपाकघराच्या दाराला पेन्सिलीच्या रेघा आहेत.
त्या घाण नाहीत. तो मी आहे."

दुपारी फोन वाजला:
पोर्टलंडचं एक जोडपं, शुक्रवार ते रविवार,
वादळात लाटा बघायला येतंय.
ऑरिन बूट शोधू लागला.
मी चादर ओढली,
एका कोपऱ्यात अजून ऊब होती,
हात ठेवला तिथे, थोडा वेळ,
मग दुसरी अंथरली.