कितवा?

ऑक्टोबरात तेगवेनने छतावर पट्ट्या लावल्या,
लोखंडी घोडीवर, पंचेचाळीस अंशांत, समुद्राकडे तोंड करून.
साठ पट्ट्या, तळहाताएवढ्या,
प्रत्येकीच्या कोपऱ्यात भोक, भोकात नायलॉनची दोरी,
पाठीवर कोरलेला आकडा.
खाली स्वान्सीचा राखाडी किनारा. वारा असा
की नोंदवहीचं पान गुडघ्याने दाबून लिहायचं.

मी इथला तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं.
किल्ल्या माझ्याकडे, किटलीही माझीच.
संशोधक येतात, जातात. मी त्यांना
नावाने कमी, महिन्यांनी जास्त ओळखतो.
"कितवा?" विचारतो जिन्यात.
"अकरावा," ती म्हणते,
पोटुशी बाई सांगते तसं, हात कठड्यावर.

पैसे बेचाळीस महिन्यांचे.
निम्मे सरकारचे, निम्मे पोलाद कंपनीचे.
करारात सगळं आहे: फी, पोटापुरतं विद्यावेतन,
एका परिषदेचं भाडं,
आणि कलम नऊ, निकाल आधी कंपनीला दाखवायचे.
गंजाला मात्र कुणी सही करायला बोलावलं नाही.

गंजाला कसली घाई?
तीन-तीन महिने हूं की चूं नाही,
मग एका वादळी रात्रीत कडेला फोड,
फोडाखाली पांढरी भुकटी,
भुकटीखाली तांबडं.
दर बुधवारी ती वजन करायची, श्वास धरून.
एकदा शिंकली. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बाविसाव्यात गावातली भट्टी विझली.
फोन आला तेव्हा ती तराजूपाशी.
आकडा लिहिला, तारीख लिहिली,
मग बापाला म्हणाली, "हं, बोला."
एकतीस वर्षं गेथिन त्या भट्टीवर होता.
चार दिवसांनी कंपनीचं पत्र:
विद्यार्थिनीची रक्कम ठरल्याप्रमाणे मिळत राहील.
म्हणजे बापाचा पगार बंद,
आणि त्याच नावाचे पैसे दर अठ्ठावीस तारखेला
लेकीच्या खात्यात.
"घरात आता मीच कमावती," ती म्हणाली,
"आणि कमावते कशाचं?
लोखंड कुजताना बघण्याचं."
मी किटली भरली. दुसरं काय करणार?

एकतिसाव्यात गेथिन छतावर आला,
अंत्ययात्रेला घालायचा कोट घालून.
चष्मा न लावता घोडीपुढे फिरला,
एकाही पट्टीला हात न लावता.
"ही, ही, आणि ती सदतीस नंबरची.
या आधी जाणार."
तिने वही उघडली. दोन बरोबर.
सदतीस अजून आरशासारखी.
"तिसरी चुकली, बाबा."
"चुकली कशी? अजून गेली नाही, इतकंच."

हे प्रबंधात कुठे घालणार?
कुठल्या आलेखात, कुठल्या अक्षावर?
तिने घातलं नाही.

बेचाळिसावा संपला, पैसे संपले.
तीन महिने तिने बेकरीत पहाटपाळी केली,
दुपारी लिहिलं. पिठाचे ठसे उमटलेला मसुदा
माझ्या कपाटात अजून आहे.
मग तोंडी परीक्षा, मग डेन्मार्कात नोकरी,
समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पायांवर.
पट्ट्या उतरवा, असं मला कुणी सांगितलं नाही.

परवा, एकावन्नाव्यात, छतावर गेलो.
सदतीसच्या खालच्या कडेला
मसुरीच्या डाळीएवढा ठिपका. तांबडा.
फोटो काढला. आधी बापाला पाठवला,
मग लेकीला.

आज नवा मुलगा आलाय, ओसारो नावाचा,
हातात कोऱ्या पट्ट्यांचं खोकं.
"ही घोडी रिकामी करू का?"
"तुझा कितवा?"
"पहिलाच."
"मग थांब जरा," मी म्हटलं. "चहा घेतोस?"