पट्टा

ग्लेनव्हिलच्या या रस्त्यावर दर दुसऱ्या बुधवारी
मी मधली पायरी टाळून चढते.
"मधलीवर भार नको टाकूस,"
ओडेसा प्रुइट पहिल्या दिवशी हेच बोलल्या होत्या,
नावगाव विचारायच्या आधी.

दंडाला पट्टा गुंडाळते, हवा भरते,
काटा खाली येईस्तोवर दोघीही गप्प.
एकशे अठ्ठ्याहत्तर. खाली एकशे चार.
"गोळी?"
"घेतली."
"मीठ?"
"मीठ कमी केलं, पोरी.
भाडं कमी करायची गोळी आहे का तुझ्या बॅगेत?"

मालकाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.
मालक म्हणजे पाकिटावरचा टपालपेटीचा नंबर.
तळघरातली ओल भिंतीला धरून वर येतेय,
गेल्या खेपेला स्विचच्या खाली होती,
आज वर.
नातू टेव्हिन, वय वर्षं तीन,
खिडकीच्या चौकटीला दात लावतो.
जुन्या रंगातलं शिसं गोड लागतं म्हणे.
त्याच्या रक्तातला आकडा मी फायलीत लिहिला
आणि खिडकीला खुर्ची आडवी लावली.
माझ्या हातात तेवढंच.

टीव्हीवर एक पितळी मूठ असते.
दाराची. दार नाही.

"माझे वडील, ल्यूशस, पोलादाच्या कारखान्यात.
बँक कर्ज देईना.
कुणीतरी क्लीव्हलँडचा नकाशा पुढ्यात घेऊन
आम्ही राहतो तेवढ्यावर लाल पेन्सिल फिरवलेली.
मग करारावर घेतलं घर, दुप्पट भावात.
शेवटचा हप्ता फिटेपर्यंत एका विटेवर नाव नाही.
नऊ वर्षं आठ महिने भरले.
मग भट्टीशी हात भाजला, एक हप्ता चुकला.
एकच.
फूटपाथवर आमचं कपाट आडवं,
आरसा आभाळाकडे, त्यातून ढग चाललेले.
मी नऊ वर्षांची. मला ते आवडलं होतं बघ, ढग.
आईनं तेवढी मूठ उपसून घेतली.
तिचं रक्त त्या दिवशी चढलं ते उतरलंच नाही.
तेच मग तिनं मला दिलं.
दुसरं काय होतं द्यायला?"

मी पट्टा सोडवला. म्हटलं,
माझ्या भाषेत याला पट्टा म्हणतात,
आणि जमीन नावावर झाल्याच्या कागदालाही पट्टाच.
माझ्या आजोबांचा, गावकुसाबाहेरच्या सव्वा गुंठ्याचा,
त्यांच्या साठाव्या वर्षी आला.
वाचता येत नव्हता.
ते तो नुसता हुंगायचे.

एवढं सांगितलं.
हे नाही सांगितलं, की सोलनमध्ये मी घर घेतलं
तेव्हा कर्ज अकरा दिवसांत मिळालं,
बँकेतल्या माणसानं स्वतः उठून कॉफी आणली,
की माझ्या पोराच्या खिडक्या नव्याकोऱ्या आहेत,
की इथं मी कुसाच्या आतली
आणि आतून कूस दिसत नाही,
हिरवळ दिसते, रविवारी कापलेली.

"पाडा," ओडेसाबाई म्हणाल्या. जीभ वळेना.
मला हसू आलं, मग आलं नाही.
पलीकडच्या दोन प्लॉटवर घरं होती,
नगरपालिकेनं यंत्र आणून हेच केलं,
आता गुडघाभर गवत आणि एक उभी चिमणी.
"पट्टा," मी म्हटलं. "टाळूला लावा जीभ."
"पाडा."
"पट्-टा."
"पट्... टा."
"हं."

त्यांनी बाही पुन्हा वर सारली.
"मग बांध एकदा अजून.
बघू, माझ्या नावावर किती आहे."

एकशे चौऱ्याहत्तर.