बोट

आधी चपला काढा.
टगवर चपलेला नोकरी नाही.
बूट घाला, लेस आत खोचा,
लोंबती लेस दिसली की दोराला भूक लागते.

हा दोर. मनगटाएवढा.
आत्ता मांजरासारखा वेटोळं करून पडलाय.
मागं कोळशाचा बार्ज लागला, ओहोटी फिरली,
की हाच दोर बारीक होतो, कण्हतो,
अंगातलं पाणी स्वतःच पिळून काढतो.
तेव्हा ह्या पिवळ्या पट्ट्याच्या आत कुणी उभं राहायचं नाही.
पट्टा दर वर्षी मीच मारतो.
ऑफिस रंगाचे पैसे देतं, ब्रशचे देत नाही.

आणि हा बाहुला.
सत्तर किलो. वाळू, जुना टायर, बॉयलर सूट.
मागच्या बॅचनं त्याचं नाव ठेवलं ‘साहेब’.
साहेबाला मी माझगावच्या धक्क्यावरून ढकलणार आहे.
हसून घ्या.

मग ओरडायचं, माणूस पाण्यात!
डावीकडे की उजवीकडे, तेही ओरडायचं.
कुणी रिंग टाकेल, कुणी पंखा थांबवेल,
पण एकानं फक्त बोट दाखवत राहायचं,
त्या डोक्याकडे.
डोळ्यात घाम जाऊ दे, फोन वाजू दे,
सारंग आईवरून शिवी देऊ दे,
बोट खाली घ्यायचं नाही.

कारण पाण्यातलं डोकं केवढं असतं?
नारळाएवढं.
आणि नारळी पुनवेनंतर ह्या बंदरात
नारळ किती तरंगत असतात, माहीत आहे?

पुनव होऊन दोन दिवस झाले होते.
धरमतरच्या तोंडाशी, रात्री पावणेतीनला
हरेश्वर नाखवा गेला.
आवाजसुद्धा नाही. जेवून उठावं तसा गेला.
मी पाहिलं. मी बोट दाखवलं.
वरून हुकूम आला, होडेकर, रिंग आण!
आणि मी आज्ञाधारक माणूस,
बोट खाली घेतलं.
जायला सात पावलं, यायला सात.
परत येऊन पाहतो तर पाण्यावर
अकरा नारळ.

आम्ही एकेकावर दिवा टाकला.
एकेकाला हाक मारली.

बलियाचा रामअवध, मराठी त्याला नवी,
वहीत लिहिता लिहिता थांबला.
म्हणाला, सर, बोट खाली कशी घेणार?
ती तर पाण्यातच आहे.
सगळे फुटले. मीही हसलो,
सहा वर्षांत ह्या धड्याला पहिल्यांदा हसलो.
म्हटलं, बाबा, बोट दोन आहेत.
एक ती, एक ते.
ती बुडाली तर विमा आहे.
ते
...
ते लिहून ठेव, म्हटलं. पुढं काय लिहायचं ते तुझं तू बघ.

मग साहेबाला ढकललं.
पाणी डिझेलचं, इंद्रधनुष्य फाटलं, पुन्हा शिवलं गेलं.
चार मिनिटं दहा सेकंद.
एकानं रिंग उलटी फेकली,
एकाचं जॅकेट बक्कल न लावताच;
त्याला बाजूला घेऊन बोललो, सगळ्यांसमोर नाही.
साहेब वर आला, कठड्याला टेकून निथळत बसला.
भाऊच्या धक्क्याकडून पोऱ्या चहा घेऊन आला.

रामअवध अजून तिथंच.
हात ताठ, खांदा थरथरतोय,
बोट रिकाम्या पाण्याकडे.
खाली घे असं कुणी म्हटलंच नव्हतं त्याला.

म्हणणार होतो.
पण आधी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो
आणि तो दाखवत होता तिथं
नीट पाहिलं.