अट क्रमांक चार

"घरगुती वापरास मोफत, धंद्यास नाही."
लिहिताना एका ओळीचं काम वाटलं होतं.

मग हदगावहून रजिया बागवानचा फोन:
तहसीलसमोर टेबल टाकलंय,
निराधारचा अर्ज टाइप करते, दहा रुपये.
म्हातारीकडं नसले तर नाहीच.
ह्याला धंदा म्हणायचं का, दादा?

म्हणालो, कळवतो.

त्याच आठवड्यात लातूरचा क्लास.
बावीस खोल्या, दोनशे संगणक.
"आम्ही शिक्षण देतो, साहेब.
शिक्षण काय धंदा असतो?"
मागं एसीची घरघर ऐकू येत होती.

रात्री नांदेडला लंगरात बसलो.
कमावतोस किती, कुणी विचारलं नाही.
दुसरी रोटी, तिसरी.
शेजारचा पिशवी उघडू लागला
तसा वाढणारा खाली वाकला, हळूच म्हणाला,
इथं बसून कितीही खा, भाऊ.

घरी येऊन अट चार खोडली. नवी लिहिली:
ज्याला दार आहे, दारावर पाटी आहे,
त्यानं पैसे द्यावेत.
टेबलाला दार नसतं.

रजियाला वाचून दाखवली.
ती हसली. "आन् उद्या टपरी घेतली तर?
तिला दार असतंय की."

मी परत म्हणालो,
कळवतो.